गाठीच्या पोटातली चिंधी

मानवतच्या एका कापसाच्या जीनमध्ये रायभान गाठींवर मार्का मारायचा. सरकी काढलेला कापूस प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली, वर गोणपाट चढलं, की काळ्या रंगात कुंचला बुडवून तो कापसाची प्रत लिहायचा. एक, दोन नाहीतर तीन. एवढंच त्याला लिहिता येई, पण काढायचा असं ठसठशीत की लांबून दिसावं.

पंचाईत एकच. हमालांचे लोखंडी आकडे लागून गोणपाट फाटायचं आणि मार्का लोंबत राहायचा. मग सूतगिरणीवाल्यांना प्रत कळायची कशी? रायभानचं घराणं मेंढरं राखणारं. लोकरीवर रंग लावला तर कातरणीबरोबर खूण जाते, म्हणून ती माणसं मेंढराच्या कानालाच चीर देतात. रायभाननं गाठीलाही तोच न्याय लावला. गेले दोन हंगाम कापूस दाबायच्या आत तो त्यात घरच्या जुन्या लुगड्यांची एक चिंधी सारायचा. पहिल्या प्रतीला लाल, दुसरीला हिरवी, तिसरीला पिवळी. कोणाला बोलला मात्र नाही. चांगल्या कामाचा काय डांगोरा पिटायचा!

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात गिरणीचं पत्र आलं आणि मॅनेजर दत्तराव आवारात येऊन कडाडले. त्यांच्या बोलण्यात पदोपदी "समजलं ना?" असायचंच, आणि समोरच्याला समजायच्या आत पुढचं वाक्य येऊन आदळायचं.

"कापसात चिंध्या निघायल्यात, समजलं ना? सूत नासलंय, माल वापस येणार हाय, समजलं ना? लुगड्याच्या चिंध्या हायेत ह्या! हितं लुगडं कोण नेसतंय? मी नेसतो का?"

कापसातला पाला-कचरा वेचणाऱ्या बायकांनी हात थांबवले. त्यांतली सगळ्यात म्हातारी सरजाबाई पुढं झाली.

"आवो साहेब, माझ्या लुगड्याला फाटायला जागाच कुठं उरलीय? चिंधी पडली तर समदं लुगडंच पडंल की!"

बायका फिस्सकन हसल्या. ते हसणं दत्तरावांना झोंबलं.

"उद्यापासून वेचणीला एकीनं बी यायचं न्हाई. पहिली तू!"

रायभानच्या हातून कुंचला गळाला. त्याला वाटायचं, गिरणीवाले चिंधी बघून मनात शाबासकी देत असतील. तो खाली वाकून कुंचला शोधू लागला.

दुपारी त्याची लेक मनकर्णा भाकर घेऊन आली. ती परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. नामांतराच्या मोर्च्यामुळं एसट्या बंद, म्हणून कॉलेज बुडालेलं. बाप जेवेपर्यंत ती वही उघडून घोकत बसली.

"पेशीत प्रथिनं तयार होतात. कोणतं प्रथिन कुठं जायचं, हे त्याच्या अंगातच लिहिलेलं असतं..."

रायभाननं घास खाली ठेवला. "काय म्हन्लीस? अंगात?"

"हो बा. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या टोकाला एक तुकडा असतोय, पत्त्यासारखा. तो ओळखून प्रथिनाला पेशीतल्या जाळीत घेतात. पुढं गॉल्जी नावाच्या ठिकाणी निवड होती, अन् मग पिशवीत भरून ज्याच्या-त्याच्या जागी रवाना."

"कुठं चालतंय हे?"

"तुमच्या अंगात. माझ्या. सरजामावशीच्या बी."

रायभाननं दचकून स्वतःच्या छातीकडं बघितलं. "आयला! मी बी तेच करायलोय की!" आणि त्यानं चिंध्यांची सगळी हकिकत सांगून टाकली.

मनकर्णानं वही मिटली. "बा, तुमी पुढचं ऐका की. जाळीत शिरलं की तो तुकडा कापून टाकतात. कापणारं ठरलेलंच असतंय. तुमची चिंधी कोण काढणार होतं? गिरणीत कोणाला म्हाईत होतं?"

रायभान मनात हिशोब करू लागला. दोन हंगाम! किती गाठी गेल्या असतील! अन् बोल लागला बायांना. भाकर तशीच टाकून तो उठला.

दत्तराव पान लावत होते. रायभाननं खिशातल्या उरलेल्या चिंध्या टेबलावर ठेवल्या आणि मेंढरांच्या कानापासून सगळं सांगितलं. दत्तरावांनी एक चिंधी उचलून बघितली.

"दोन वर्षं? रायभान, डोकं मेंढराला चारलंस का रे?"

"चूक माझी हाय साहेब. बायांचा कसूर न्हाई. त्यान्ला काढू नका."

"त्यांना कशाला काढू? तूच नीघ. आत्ताच्या आत्ता!"

बाहेर बायका गाठोडी बांधत होत्या. रायभान सरजाबाईसमोर उभा राहिला. "उद्या समद्या कामाला या. चिंध्या मी घातल्या होत्या. मला काढलं."

"तुझा मुडदा बशिवला! आमच्या लुगड्याचे धिंडवडे निघाले अन् तू गप उभा व्हतास?" सरजाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग त्याचा काळ्या रंगानं माखलेला हात धरून आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसायला लागली.