इंजिनावर ओतलेलं तीर्थ

मंडळी, आमच्या फ्रीगंज भागातल्या गॅरेजबाहेरून लिहितेय. बाबांना ऑपरेशनसाठी इंदूरला न्यायचंय आणि आमची व्हॅन निघाल्यापासून मिसिंग करतेय, झटके खातेय. इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लुकलुकतोय. टॅक्सी मिळत नाहीये.

मेकॅनिकने ओला झालेला स्पार्क प्लग काढला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, इसमें पानी किसने डाला?"

आईने! निघताना बॉनेट उघडायला लावून, बाबा सुखरूप परत यावेत म्हणून, रामघाटावरून आणलेलं शिप्रेचं पाणी तिने इंजिनावर ओतलं होतं.

आत्ता ती मागच्या सीटवर बाबांचा हात धरून बसलीय. तांब्यात थोडं तीर्थ उरलंय.

"अगं, अजून सुरू होत नाही का? हेही घालू?"

सांगा, काय बोलू मी तिला?