रस्त्याकडं तोंड करून

हॉस्टेलच्या मेसच्या रांगेत होतो तेव्हा भावाचा फोन आला. "आत्या गेली रे..." पुढचं ऐकूच आलं नाही. मागचा मुलगा म्हणाला, "भाई, आगे बढ." मी ताट घेऊन पुढं सरकलो.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. असं काही लिहायची सवय नाही. खरं सांगू का... दुःखापेक्षा राग जास्त येतो.

पाचोडजवळच्या आमच्या गावात आत्या बायकांची धान्य बँक सांभाळायची. शहरातल्या एका संस्थेनं दिलेली पत्र्याची मोठी कोठी तिच्या पुढच्या खोलीत होती. सुगीत प्रत्येकीनं थोडी ज्वारी टाकायची, श्रावणात घरातलं सरलं की लागेल तेवढी न्यायची, पुढच्या सुगीला थोडी वाढवून परत करायची. न्यायला बाई आली की आत्या मापायची पायली तिच्याच हातात द्यायची आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून उंबऱ्यात बसायची. मी एकदा विचारलं, "कुणी जास्त नेली तर?" ती खेकसली, "उपाशी बाई लाजून कमीच भरती, येड्या. कालेजात काय शिकवतेत तुला?"

मग संस्थेत नवे साहेब आले. देणगीदारांना पुरावा हवा, म्हणून ज्वारी नेणाऱ्या प्रत्येकीचा बॅनरपुढं फोटो. आत्या म्हणाली, "साहेब, भुकेचा फोटो काढता व्हय? घरी जेवताना तुमचा कोण काढतं?" साहेब हसले. फोटो सुरू झाले आणि बायका यायच्या बंद झाल्या. इथं कोठी भरलेली, अन् शेजारच्या शांताकाकूंच्या घरी संध्याकाळची चूल पेटत नव्हती. साहेबांनी वर कळवलं, गावाला आता गरज उरली नाही. ज्वारी टेम्पोत भरून दुसऱ्या गावाला नेली. आत्या टेम्पोपुढं उभी राहून ओरडत होती, कुणी ऐकलं नाही. बायकांनी पोटाला चिमटा काढून साठवलेली ज्वारी होती ती! संस्थेचा होता तो फक्त कोठीचा पत्रा. तेवढा मात्र ठेवून गेले.

दहाव्याला साहेब आले. त्याच खोलीत बसून म्हणाले, आत्याच्या नावानं बँक पुन्हा सुरू करू.

मी कसंबसं म्हणालो, "सर, फोटो तेवढे... नको."

"अरे, तू शिकलेला मुलगा. फोटोशिवाय मी वर दाखवू काय?"

शांताकाकू उठल्या. कोठीचं झाकण त्यांनी धाडकन उघडलं.

"ही रिकामी कोठी दाखवा की साहेब. काढा फोटू. बॅनर धरायला मी ऱ्हाते हुबी."