पाठकोऱ्या कागदावर

दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या विद्यापीठात लिहिणाऱ्यांची बैठक भरते. प्राध्यापक, लायब्ररीतले, ऑफिसातले, कुणीही यावं. मैलापूरहून बसने धक्के खात यायचं, दोन तास शिकवायचं आणि डबा घेऊन लायब्ररीमागच्या खोलीत शिरायचं, हा माझा दोन वर्षांचा नेम. साताऱ्याहून इथे तमिळ मुलखात आल्यापासून मला ‘मॅडम’ न म्हणणारं एकच माणूस भेटलं, तेही याच खोलीत: परीक्षा विभागातल्या अक्का. तंजावरच्या मराठी घरातल्या, निवृत्तीला टेकलेल्या. बैठक त्यांनीच सुरू केलेली. त्यांच्या मराठीला मी सुरुवातीला हसायचे. आता लाज वाटते त्याची.

नियमही अक्कांचेच. इंग्रजीत एक पान छापून आणायचं, नाव घालायचं नाही. सगळी पानं पिसायची आणि ज्याच्या हाती जे येईल ते त्याने मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की पान टेबलाच्या मध्यभागी पालथं ठेवायचं. कुणी लिहिलं हे विचारायचं नाही आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

त्या आठवड्याचा विषय होता ‘खुर्ची’. मी आमच्या विभागप्रमुखांच्या समोरच्या खुर्चीवर लिहिलं. तिच्यावर कायम फायलींचा ढीग असतो, त्यामुळे येणाऱ्याला बसताच येत नाही. आपण ताटकळत उभं राहायचं आणि त्यांनी फोनवर निवांत गप्पा मारायच्या. एकदा अंगात ताप असताना मी तशी अर्धा तास उभी होते. माझं डोकं तापट आहे, पण मी अगदीच खुळी नाही. खबरदारी म्हणून विद्यापीठाची बँक केली आणि प्रमुखांचा मॅनेजर.

गुरुवारी खोलीत गेले तर प्रमुख स्वतः हजर. विभागप्रमुखांनीही बैठकीला जावं असं वरून पत्रक निघालं होतं म्हणे. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. नोकरीत कायम करण्याची माझी फाईल तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होती, फक्त एका सहीसाठी. अक्कांनी त्यांना मोठ्या कौतुकाने नियम समजावले, पानं पिसली आणि वाटली. माझं पान त्यांच्याच हाती गेलं.

ते वाचू लागले. आवाज चांगला आहे त्यांचा. मॅनेजरच्या वर्णनाला ते चक्क हसले. स्वतःला ओळखलं नाही या माणसाने! मी जरा सैल झाले. आणि मग त्यांनी पान उजेडाकडे धरलं.

आमच्याकडे कच्चं काही छापायचं तर पाठकोऱ्या कागदावरच छापतात. प्रिंटरशेजारी जुन्या कागदांचा गठ्ठाच असतो. घाईत मी त्यातला सगळ्यात वरचा कागद घातला होता. मी समोरच बसले होते, त्यामुळे पानाची मागची बाजू मला स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या वर्षाचा हजेरीचा तक्ता आणि वर ठळक अक्षरांत माझं नाव.

अजून अर्धं पान बाकी होतं. वाचून झालं की ते पान पालथं पडणार होतं.

“काय झालं गे? तोंड का असं उतरलं तुझं?” शेजारी बसलेल्या अक्का हळूच म्हणाल्या. त्या खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच.

“अक्का, मागे माझं नाव आहे. ते पान घ्या त्यांच्याकडून.”

अक्कांनी पानाच्या मागे पाहिलं आणि त्यांचाही चेहरा बदलला. प्रमुखांनी शेवटचं वाक्य संपवताच अक्कांनी हात पुढे केला आणि त्या इंग्रजीत म्हणाल्या, “सर, इकडं द्या, मी ठेवते.”

“नियम म्हणजे नियम,” प्रमुख हसून म्हणाले. “आत्ताच शिकलो तुमच्याकडून.” आणि त्यांनी पान अगदी व्यवस्थित पालथं ठेवलं.

हसू विरलं. त्यांनी नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर कोण, हे आता त्यांना कळलं होतं. पुढची तीन पानं कुणी वाचली, काय होतं त्यांत, काही आठवत नाही. जाताना अक्का पुटपुटल्या, “माझीच चूक गे. कशास सांगितले त्यांस नियम!”

सोमवारी प्रमुखांनी बोलावलं. खुर्ची रिकामी होती. फायली खाली जमिनीवर ठेवलेल्या.

“बसा मॅडम,” ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी बसल्यावर त्यांनी पत्र पुढे सरकवलं. प्रोबेशन आणखी एक वर्ष वाढवलं होतं. कारण: विभागाशी समरस होण्यात कमी. खाली त्यांची सही. ती सही करायला त्यांना तीन आठवडे लागले नव्हते. मला रडू येत होतं, पण त्या खुर्चीत बसून मी रडणार नव्हते. मी पत्र सावकाश दोनदा वाचलं. त्यांचा फोन वाजत राहिला, तो त्यांनी उचलला नाही.

गुरुवारी मी नवं पान नेलं. त्यात बँक नव्हती, मॅनेजर नव्हता. ती खुर्ची कधी आणि कशासाठी रिकामी झाली, एवढंच होतं. प्रमुखही आले होते. न येणं सगळ्यांच्या नजरेत आलं असतं ना!

या वेळी माझं पान अक्कांकडे गेलं. त्यांनी ते उलटून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

“ठाऊक आहे ना तुला, मागे काय आहे तें?”

“ठाऊक आहे. मीच छापलंय.”

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला.

अक्कांनी पूर्ण पान वाचलं आणि सर्वांच्या मधोमध पालथं ठेवलं. मागे त्या पत्राची झेरॉक्स होती: माझं नाव, ते कारण आणि ती सही. सगळ्यांनी वाकून वाचली. मी डब्याचं झाकण लावलं. भीती गेली नव्हती, अजूनही गेलेली नाही. कुणी काही विचारलं नाही, नियमच होता तसा. पुढचं पान प्रमुखांकडे होतं, त्यांनी ते वाचायला घेतलं.