हजच्या तेलात कांदा

मला हे सांगायचं नव्हतं. आदीच लिहून ठेवतो. नात मागं लागली म्हणून बसलोय.

ती परभणीला मेडिकलच्या दुकानात कामाला हाय. मागच्या खेपेला तिनं एक डबी आणली, आत हिरवट कॅप्सूल. म्हणली, "आबा, जैतुनाच्या, म्हंजे ऑलिव्हच्या पानाचा अर्क हाय. ह्यात ओल्युरोपीन असतंय. हृदयाला चांगलं, बीपीला चांगलं, सांध्याच्या सुजेला चांगलं म्हणतेत. अजून तपासण्या चालू हैत, पण चांगलं." नाव तिनंच कागदावर लिहून दिलंय. माझ्या जिभेला ते वळत न्हाई.

मी सहज म्हणलं, "कडू असतंय ते."

"तुमाला कसं ठाऊक?"

झालं! तिथं तोंड उघडलं आन् फसलो. आता म्हणते, सगळं लिहा. माझी शाळा तिसरीत संपली. चुका निघाल्या तर तिच्याकडं जा.

तेलाच्या गिरणीत तेल डब्यात भरून लोक घेऊन जातेत. पेंड मात्र मागच्या भिंतीला साचत ऱ्हाते. किस्स्यांचं तसंच. कामाचं होतं ते लोकांनी नेलं, ही पेंड माझ्यापाशी साचली. ज्याला पचंल त्यानं खावी.

*

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची वर्षं. सोनपेठला बाजाराच्या वाटेवर मन्मथ अप्पांची गिरणी होती. इंजिनावर चालणारे दोन घाणे. करडई, शेंगा, तीळ. अप्पा मालक. दगडू मिस्त्री इंजिनावर. कोंडाबाई पेंड भरायला. आन् मी, लिंबाजी, चाखायला.

हो, चाखायला! दर घाण्याचं पहिलं तेल बोटानं तळहातावर घ्यायचं, चोळायचं, हुंगायचं, मग जिभेवर ठेवायचं. मी "हां" म्हणल्याबिगर डबा भरायचा न्हाई. पोती उचलणारे लय होते, जीभ एकच होती.

सकाळी मी लिंबाच्या काडीनं दात घासत गिरणीत यायचो. दगडूला ते बघवायचं न्हाई. एकदा सगळ्यांसमोर म्हणला, "सकाळी सकाळी कडू चघळणाऱ्याला एरंडेल बी गोड लागंल! ह्याची टेस्ट काय खरी?"

मी म्हणलं, "दिवसभर तुझं तोंड ऐकून घेतो. त्याच्यापुढं लिंब लय गोड!"

*

आमी छपन्न सालानंतर धर्म बदललेल्या घरातले. वडलांनी तेव्हाच सांगितलं होतं, आता मान खाली घालायची न्हाई. वडील गेले, मान तशीच ऱ्हायली. कुणाकुणाला ती खुपायची.

एक दिवस एक मोठा बागाईतदार करडई घेऊन आला. घाणा चालू झाला, धार पडली, मी बोट लावलं. बागाईतदार एकदम ताडकन उठला. "अप्पा! ह्याचं बोट लागलं माझ्या तेलाला!"

अप्पा चाचरायला लागले. मी बोट वर धरलं. म्हणलं, "तेलाला बोट न्हाई लागलं मालक, बोटाला तेल लागलंय. निपटून परत द्यू का?"

कोंडाबाई पदराआड हसली, ती पेंडीच्या ढिगामागं जाऊनच थांबली. बागाईतदार डबा तिथंच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी मुकाट गडी पाठवून नेला. घरात काय बिनफोडणीचं खाणार होता!

*

दगडूचा डावा गुडघा सुजायचा. त्यानं त्यावर काय इलाज काढला असंल? इंजिनातून काढलेलं काळं जुनं तेल चोळायचा! आठवडाभर घरात चादरी काळ्या, बायको तोंडाला येईल ते बोलायली, पण हा ऐकंना.

मी म्हणलं, "अरे, काय करायलास?"

"इंजिनाचे सांधे ह्याच्यावर चालतेत. माझे का चालणार न्हाईत?"

कोंडाबाई म्हणली, "मग डिझेल बी पी की मिस्त्री! चढावर जोर येईल!"

*

गिरणीसमोर हकीमसाबचा युनानी दवाखाना होता. त्यांचे थोरले भाऊ हजहून आले. येताना जैतूनच्या तेलाचा डबा आणला. वाटेत डबा चेपला, बुडाशी गळायला लागला. हकीमसाबनं तो आमच्याकडं धाडला. निरोप होता, गाळून बाटलीत भरा, सांजच्याला येतो.

ते तेल अप्पांच्या आईसाठी होतं. म्हातारीची बोटं अशी सुजली होती की मूठ वळत नव्हती. भाकरी थापायची सोडून तिला वर्ष झालं होतं. अप्पा त्या दिवशी गंगाखेडला गेले होते, पण जाताना दोनदा बजावून गेले, "नीट गाळा."

मी गाळलं. मग सवयीनं थेंब तळहातावर घेतला. रंग हिरवट. वास कापलेल्या गवतासारखा. जिभेवर कडू. आन् घशात उतरलं तसा असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी!

दगडूनं बी चाखलं. खोकून खोकून लाल झाला. "खराब झालं! येईस्तोवर सडलं हे!"

मी म्हणलं, "सडलेल्या तेलाचा वास लपत न्हाई. ह्याचा वास ताजा हाय. असली हाय. झोंबतंय तो त्याचा अंगचा गुण असंल. हात लावू नको."

मला काय जैतुनाचं झाड ठाऊक होतं? डोळ्यानं बघितलं नव्हतं. पण जे आपल्याला ठाऊक न्हाई त्याला खराब म्हणायची मला सवय न्हाई. लोकांनी आमाला तसंच म्हणलेलं हाय.

तेवढ्यात बाहेर शेंगांची गाडी आली. मी पोती उतरवून परत येतो, तर आत धूर! दगडूनं ते तेल कढईत घालून, धूर निघेस्तोवर तापवून, त्यात चिंच आन् अर्धा कांदा टाकलेला! जुन्या करडीच्या तेलाचा कडूपणा मारायला आमी घरी तसं करायचो.

"घे, चाख!" दगडू छाती काढून म्हणला. "खोबऱ्यासारखं गोड केलं!"

चाखलं. कडू न्हाई, ठसका न्हाई, काहीच न्हाई.

कोंडाबाई म्हणली, "आता भजी काढा, म्हंजे झालं!" आन् कपाळावर हात मारून घरी गेली.

*

सांजच्याला हकीमसाब आले. अप्पाबी गंगाखेडहून आलेले. हकीमसाबनं बूच काढलं, बाटली नाकाला लावली आन् डोळे मिटले.

"या अल्ला! हज के तेल में प्याज कौन डाले जी?"

त्यांनी थेंब जिभेवर घेतला, वाट बघितली. ठसका आलाच न्हाई.

"दवा तो कडवाहट में थी, अप्पा. झाड का पूरा जोर उसीच में रहता. तुम लोगाँ दवा जला दिये, तेल रख लिये."

अप्पांचं तोंड उतरलं. घरी म्हातारी वाट बघायली होती. त्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

दगडू म्हणला, "लिंबाजीनं चाखलं अप्पा. खराब हाय म्हणला. म्हणून मी आपलं..."

मी म्हणलं, "दगडू, माझ्याकडं बघून बोल!" तो इंजिनाच्या पट्ट्याकडं बघत होता.

अप्पा म्हणले, "लिंबाजी, तुझी जीभ मेली. उद्यापासून पोत्यावर."

"जीभ जिती हाय अप्पा. म्हणून तर जड जायली तुमाला."

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईनं खरं सांगितलं. अप्पा म्हणले, "तू त्याच्याच गल्लीची. तू दुसरं काय बोलणार?"

*

मग चाखायचं काम कुणाला दिलं? दगडूला! तोंडात कायम तंबाखू. कुठलंबी तेल आलं की बोट चाटायचा आन् म्हणायचा, "एक नंबर!"

एक गुरुजी डबा परत घेऊन आले. म्हणले, "अप्पा, हे तेल दिव्यात घातलं तर दिवाबी तोंड वाकडं करायलाय!"

गिऱ्हाईक हळूच मला बाहेर गाठायचं. "लिंबाजी, एवढं चाखून बघ की."

मी म्हणायचो, "मी पोत्यावरचा माणूस. पोतं चाखू का?"

हातात घट्टे पडले, पाठ धरली, पण दगडूच्या हाताखाली मी एक थेंब चाखला न्हाई. घरी बायकोनं केलेल्या कालवणाचंबी चांगलं-वाईट बोलायचं सोडलं. ती एकदा म्हणली, "आवो, मीठ तरी सांगा!" मग सांगितलं. लय होतं.

*

आता नातीच्या कॅप्सूलचं. ती विचारते, घेणार का? मी म्हणलं, डॉक्टरला विचारून बघतो. बीपीची गोळी मी सोडलेली न्हाई आन् तुमीबी कुणाचं ऐकून सोडू नका, माझंबी न्हाई. पण एक राग हायच. कडूपणा मोठा गुणाचा म्हणतेत आन् तोच जिभेला लागू नये म्हणून डबीत बंद करतेत. हे दगडूचंच काम, फक्त कांदा न्हाई!

तिनं हेबी विचारलं, म्हातारीची बोटं सुटली का? पुढं दुसरी बाटली आली, त्यातलं म्हातारीनं चमचा चमचा घेतलं. थोडी सुटली. भाकरी थापायला लागली, जाड थापायची, पण थापायची. हकीमसाबनं शेकबी सांगितला होता. त्यामुळं कशानं सुटली, ते मी कुणाच्या नावावर करत न्हाई.

*

ती दुसरी बाटली आली तो दिवस सांगतो आन् उठतो.

हकीमसाबचा पुतण्या अरबस्तानात कामाला लागला होता. त्यानं धाडली. ह्या खेपेला हकीमसाब बाटली घेऊन स्वतः गिरणीत आले. बाजाराचा दिवस. गिऱ्हाइकांची गर्दी, अप्पा गादीवर, कोंडाबाई पेंडीपाशी, मी पाठीवर पोतं घेऊन दारात.

हकीमसाब म्हणले, "अप्पा, पहले तुम्हारे चखनेवाले कू चखाओ."

दगडू ऐटीत आला. तंबाखू थुंकला, चूळ भरली, तळहात पुढं केला. थेंब चाटला. दोन क्षण काही न्हाई, मग असा ठसका लागला की खांबाला धरून वाकला. डोळ्यातून, नाकातून पाणी!

हकीमसाबनं शांतपणे विचारलं, "खराब है क्या मिस्त्री?"

"न्हाई, न्हाई!" दगडू खोकता खोकता ओरडला. "असली हाय! झोंबतंय तो त्याचा अंगचा गुण हाय!"

"वा! तेरे कू कैसा मालूम?"

"मागच्या टायमाला लिंबाजी बोलला होता की!"

इंजिन फटफट करत ऱ्हायलं. कोंडाबाईच्या हातातलं फावडं थांबलं. मी पोतं खाली ठेवलं न्हाई.

अप्पा गादीवरून उठले. चालत्या घाण्याखालच्या धारेत स्वतःचं बोट बुडवलं, माझ्यापाशी आले आन् म्हणले, "लिंबाजी, हात पुढं कर."

मी पोतं टाकलं, हात पुढं केला. थेंब चोळला, हुंगला, चाखला. म्हणलं, "करडई जुनी हाय अप्पा. थोडी खवट." अप्पांनी मान हलवली आन् डबा भरायचा थांबवला.

मग मी दगडूकडं बघितलं. गुडघा चोळत उभा होता. चुकलो म्हणंल म्हणून वाट बघितली. तो म्हणला, "हकीमसाब, ह्यातलं थोडं माझ्या गुडघ्याला..." आन् माझी नजर दिसली तसा म्हणला, "पट्टा घसरायलाय वाटतं," आन् इंजिनाकडं गेला.

पट्टा घसरला नव्हता. मी अजून वाट बघायलोय.

हा कागद धाडायचा पत्ता: दगडू मिस्त्री. मुक्काम सोनपेठ.