नम्मूरची गाडी

सकाळी सातच्या सुमारास आमच्या कॉलनीत शाळेच्या पिवळ्या व्हॅन इतक्या जमतात, की वरून विमानातल्या माणसाला वाटावं, विजापूर रोडला करडई फुलली. प्रत्येक घरातलं मूल इंग्लिश मीडियमचं. मुलांचं सोडा, इथली कुत्रीसुद्धा ‘सिट’ म्हटलं की बसतात आणि ‘बस’ म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. अशा ठिकाणी मी माझ्या मुलीला कन्नड शाळेत घातलं. मराठीत घातलं असतं तर लोकांनी कीव केली असती, विषय मिटला असता. कन्नड म्हटल्यावर त्यांना आधी ऐकूच आलं नाही, आणि ऐकू आल्यावर ते माझ्या बायकोकडे बघायला लागले, हा माणूस घरी औषधं वेळेवर घेतो का अशा नजरेनं.

मी मूळचा कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा. आमच्याकडे स्वयंपाकघरात कन्नड, बाजारात मराठी, आणि भांडण जसं रंगेल तशा दोन्ही. बायको बार्शीची, अस्सल मराठी. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती आणि माझी आई भांड्यांकडे बोटं दाखवून बोलायच्या. त्या वर्षात दोघींचं एकदाही भांडण झालं नाही. पुढं भाषा कळायला लागली आणि सगळं सुरळीत झालं, म्हणजे भांडणं सुरू झाली. मुलगी झाली ती जन्मतःच तिन्ही त्रिकाळ बोलणारी. माझ्याशी कन्नड, आईशी मराठी, म्हशीशी दोन्ही.

मग माझी बदली सोलापूरला झाली आणि आम्ही या कॉलनीत आलो. सहा महिन्यांत काय झालं ते सांगतो. माझ्या आईनं फोनवर नातीला रोजच्यासारखं विचारलं, “ऊटा आयता?” म्हणजे जेवलीस का. पोरगी म्हणाली, “येस आज्जी, फिनिश्ड.” आईनं मला फोनवर बोलावून घेतलं आणि विचारलं, पोरीला जेवायला काय घालता तुम्ही, हे फिनिश कुठली भाजी?

मी हसलो. फोन ठेवला आणि हसू गेलं. म्हटलं, मराठी काय, सोलापूरच्या हवेतच आहे, श्वास घेतला की आत जाते. इंग्रजी त्या व्हॅनच्या धुरातून सुद्धा येते. कन्नडला मात्र कुणीतरी घ्यायला जावं लागतं, ती आपणहून आमच्या फाटकापर्यंत येत नाही. जुन्या गावठाणात एक कन्नड शाळा आहे. मी तिथं जाऊन नाव घालून आलो. आधी नाव घातलं, मग घरी सांगितलं. आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय याच क्रमानं होतात.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर मी जिंकलो असतो, ओरडण्यात माझा हात धरणारा आख्ख्या अक्कलकोट तालुक्यात नाही. ती शांतपणे म्हणाली, “तिच्या वहीतलं एक अक्षर मला वाचता येणार नाही. पोरगी माझी, अन् वही मला परकी. चालेल तुम्हाला?”

मी आयुष्यात दोनदाच हरलोय. एकदा दाढ काढताना, आणि एकदा इथं.

शेवटी तह झाला. एक वर्ष माझं. पुढच्या जूनला काय करायचं ते ती ठरवणार आणि मी तोंड उघडायचं नाही. तिनं इंग्लिश शाळेचा फॉर्म आणला, सगळे रकाने भरले, फक्त सहीची जागा कोरी ठेवली आणि फ्रिजवर लोणच्याच्या बरणीखाली ठेवून दिला. वर्षभर मी पाणी प्यायला फ्रिज उघडला की तो फॉर्म माझ्याकडे बघायचा. मी माठातलं पाणी प्यायला लागलो.

आमच्या कॉलनीचे पुढारी म्हणजे समोरच्या बंगल्यातले साहेब. शिक्षण खात्यातून रिटायर झालेले. जिल्ह्यातली एकूण एक शाळा तपासलेला माणूस, असं ते स्वतः सांगतात, म्हणून आपणही मानायचं. माझ्या मुलीची रिक्षा फाटकाशी थांबली की ते झाडाला पाणी घालत घालत विचारायचे, काय, जिलेब्या शिकलीस का आज? कन्नड अक्षरांना ते जिलेब्या म्हणायचे. मला म्हणायचे, अहो, पोरगी मोठी होऊन काय वाचणार? आपल्याकडे कन्नडमध्ये काय लिहिलेलं असतं? मी म्हणायचो, साहेब, लिहिलेलं पुष्कळ असतं, तुम्हाला दिसत नाही. हे ते हसण्यावारी न्यायचे. बायको मात्र हसायची नाही. ती मुलीची वही उघडायची, पानांवरून हात फिरवायची आणि मिटून ठेवायची.

मे महिन्यात कॉलनीच्या सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न निघालं, बार्शीत. बायकोचं माहेर. पंधरा दिवस आधीपासून तिच्या पायात चाकं. सेक्रेटरी घरच्या माणसांबरोबर आदल्या दिवशीच गेले, आणि कॉलनीच्या वऱ्हाडाला बार्शीत पोहोचवायची जबाबदारी साहेबांवर सोपवून गेले.

सकाळी आम्ही सगळे मैदानात. बायकांच्या साड्यांच्या झगमगाटानं कावळे दिपून बाभळीवरनं खाली पडत होते. मैदानात दोन बस उभ्या. एकाच ट्रॅव्हल्सच्या, एकाच रंगाच्या. एक मैदानाच्या मधोमध, फाटकासमोर. तिला झेंडूच्या माळा, काचेवर गणपतीखाली रंगीत कागद चिकटवलेला. दुसरी लांब, कोपऱ्यात, काच कोरी. साहेबांनी लांबूनच फर्मान काढलं, सजवलेली आपली, चला बसून घ्या. कागदावर कन्नड अक्षरं होती, लाल शाईनं, ठसठशीत. कुणीतरी विचारलं, हे काय लिहिलंय? साहेबांनी चष्मा वर करून बघितलं आणि सांगितलं, लिहिलेलं नाही ते, नक्षी आहे. लग्नाची वेलबुट्टी.

पन्नास माणसं त्या वेलबुट्टीला नमस्कार करून आत चढली.

माझी मुलगी काचेसमोर मान तिरकी करून उभी. बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावत होती, शाळेत पाटीवर लावतात तसं. मदुवे, म्हणजे लग्न. मग खालची ओळ, मैंदर्गी. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अप्पा, इदु नम्मूर गाडी.”

नम्म ऊर, म्हणजे आपलं गाव. आम्ही जोडून म्हणतो, नम्मूर. शेजारच्या गल्लीत त्याच दिवशी मैंदर्गीच्या लग्नाला जाणारं दुसरं वऱ्हाड होतं, ही बस त्यांची. मी साहेबांना सांगितलं, साहेब, पोरगी म्हणते ही गाडी नम्मूरची आहे.

साहेब दारातल्या सीटवर बसले होते, मांडीवर सुपारीचा डबा. ते म्हणाले, “नम्मूर? असलं गाव जिल्ह्यात नाही. मी सगळा जिल्हा फिरलोय.”

बस हसली. म्हणजे आतली माणसं. पण मला तरी बसच हसल्यासारखी वाटली, सायलेन्सरपासून. आता मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो का? शकलो असतो. एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायची मला इच्छा झाली नाही, आणि आजही त्याचं मला रतीभर वाईट वाटत नाही. मी मुलीचा हात धरून बाजूला झालो.

बायको तेव्हा बसच्या दुसऱ्या पायरीवर होती. एका हातात आहेराची पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला. आतून बायका तिला बोलवत होत्या, जागा धरलीय, या की. समोर माहेर, मागं नवरा आणि सहा वर्षांची पोर. तिनं काचेकडे बघितलं. तिला त्या कागदातलं काही वाचता येत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ‘नम्मूर’ हा शब्द तिला माहीत होता. आम्ही सोलापूरला आल्यापासून माझी आई प्रत्येक फोनच्या शेवटी तिला विचारते, नम्मूरिगे यावाग बर्ती, आपल्या गावाला कधी येतेस. तिनं मुलीला विचारलं, “नक्की वाचलंस?”

“हां आई. दोनदा.”

ती पायरी उतरली.

पुढचं आम्हाला नंतर शेजारच्या वहिनींकडून कळलं. ड्रायव्हरनं आत डोकावून विचारलं, मदुवे? साहेब म्हणाले, हो हो, चला. वाटेत कुंभारी लागल्यावर वहिनींनी विचारलं, कुंभारी बार्शीच्या रस्त्यावर कधीपासून? साहेबांनी सांगितलं, नवा बायपास झालाय. अक्कलकोट लागलं तेव्हा साहेब झोपले होते, आणि झोपलेल्या अधिकाऱ्याला उठवायची आपल्याकडे पद्धत नाही. मैंदर्गीत उतरले तर गावानं त्यांना सोलापूरचे पाहुणे म्हणून फेटे बांधले, हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या पंगतीला बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. आमचं गाव कुणाला उपाशी सोडत नाही, चुकून आलेल्याला तर नाहीच. खरं वऱ्हाड मागाहून जीपमधनं पोहोचलं. त्यांनाही पंगत मिळाली, फेटे मात्र संपले होते.

इकडे कोपऱ्यातल्या बसमधून आम्ही तिघं बार्शीला गेलो. बावन्न सीट, तिघं माणसं. ड्रायव्हरनं तीनदा विचारलं, अजून कोण हाय का? मुलगी प्रत्येक सीटवर एकदा बसली. मांडवात सेक्रेटरी हार घेऊन उभे. आमच्या मागं अजून कुणीतरी उतरेल म्हणून पाच मिनिटं दाराकडे बघत राहिले. मग पन्नास माणसांचे हार त्यांनी आमच्याच गळ्यात घातले. माझी मान अजून दुखते.

जून आला. फाटकाशी साहेबांनी बायकोला गाठून विचारलं, मग, यंदा कोणती शाळा? मी शब्द दिल्याप्रमाणे तोंड मिटून उभा होतो. उत्तर मलाही माहीत नव्हतं.

“नम्मूरचीच,” बायको म्हणाली. “जिल्ह्यात सापडत नाही ती.”

साहेबांनी झाडाला पाणी घालायला सुरुवात केली. पाऊस पडून गेला होता, तरी घातलं.

फॉर्म आता फ्रिजवर नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलगी रोज संध्याकाळी आईला अक्षरं काढून देते आणि आई ती गिरवते. बायकोचा ‘म’ अजून जरा चेपलेला येतो. मुलगी लाल पेननं त्याला गोल करते आणि पुन्हा काढायला लावते. मी मध्ये बोललो तर दोघी मला गप्प बसवतात, एक मराठीत, एक कन्नडमध्ये.