पत्र्याआडची नोकरी

पेढा हातानं न्हाई आला. कागदावर आला.

डेअरीच्या अंगणात मंडप टाकलेला. आमी सगळे गोल करून उभे व्हतो. शहरातून आणलेले सर कॉलरला माईक लावून मधोमध. त्यांनी खेळ सांगितला. हरेकानं शेजारच्याला पेढा भरवायचा, आपल्या हातानं, तोंडात. गड्यांनी गड्यांना, बायांनी बायांना. "आजपासून आपण कर्मचारी नाही, आपण एक कुटुंब आहोत!" सर म्हणले. टाळ्या पडल्या. पेढे फिरायला लागले. लोक हसत व्हते, एकमेकाच्या गालाला पेढा फासत व्हते.

माझ्या शेजारी शोभावहिनी. पावत्या फाडायचं काम तिचं. तिनं पेढा उचलला, माझ्याकडं बघितलं अन् तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं खोक्यातला कागद फाडला, त्याच्यावर पेढा ठिवला अन् कागद माझ्या म्होरं धरला.

खुर्चीवर बसलेले तात्या, डेअरीचे मालक, हसले. म्हणले, "दे तसंच. तिला सवय हाय."

सरांनी बघितलं. बघितलंच. मग घड्याळाकडं बघून म्हणले, "व्हेरी गुड, चला पुढं!"

माझ्या पलीकडची बाई तर कवाच दोन पावलं मागं सरकली व्हती. मी भरवायला नको म्हणून. शोभावहिनी कानाजवळ येऊन हळूच म्हणली, "राग धरू नको गं. सासूला कळलं तर घरात घेणार न्हाई मला." मी मान हलवली. मान हलवायची सवय लई जुनी.

मी मांगाच्या घरची. शिरूर कासारकडच्या एका गावातली. गावाचं नाव सांगून काय फायदा, समदी गावं तशीच. लग्नानंतर आठ वर्षं ऊस तोडला. पाठीचा मणका सरकला तवा डेअरीत कॅन धुवायला लागले. तेव्हा वाटलं, सुटले बाई. डोक्यावर छप्पर हाय, रोज घरी जाता येतं, लेकीला एका शाळेत ठिवता येतं. तेवढ्यासाठी मी लई गिळलं.

कॅन धुता धुता मला दुधाचं नाक आलं. आलं म्हणजे आलंच, कुणी शिकवलं न्हाई. मशीन फॅटचा आकडा सांगतं. पण हे दूध अजून तासाभरानं फाटणार हाय का, त्याच्यात पावडर कालवली हाय का, ते मशीनला सगळं कळत न्हाई. मला झाकण उघडलं की कळतं. शंका आली तर नळीत थोडं उकळून बघायचं. झालं.

दूध तपासायच्या खुर्चीवर तात्यांचा भाचा. पोरगा वाईट न्हाई, पण त्याला दुधातलं ओ की ठो कळत न्हाई. दोन वर्षांखाली पाठोपाठ तीन टँकर मोठ्या प्लँटवरून परत आले. आख्खं दूध नाल्यात. चौथ्या दिवशी एका कॅनपाशी मी म्हणलं, "ह्ये घेऊ नका, दुपारपर्यंत नासंल." भाच्यानं घेतलं न्हाई, एका बाटलीत ठिवून बघितलं. दुपारी नासलं. तवा तात्यांनी मला बोलवून घेतलं.

त्यांनी दूध घ्यायच्या खिडकीमागं पत्र्याची खोली करून दिली. म्होरं भाचा बसायचा, शेतकऱ्याचं दूध घ्यायचा, वाटीभर नमुना पत्र्याच्या फटीतून आत सारायचा. मी वास घ्यायचा, उकळून बघायचं अन् चमच्यानं पत्रा वाजवायचा. एक ठोका म्हणजे घ्या. दोन ठोके म्हणजे परत. तोंडानं बोलायचं न्हाई. "तू आत हाईस हे बाहेर कळता कामा नये," तात्या म्हणले. "पाटलाचं दूध मांगीणीनं परत केलं म्हणल्यावर उद्या कोण घालंल दूध?"

म्हणजे बघा. कॅन मी धुतलेला चालतो. त्यात दूध ओतलेलं चालतं. चांगलं की वाईट हे मी सांगितलेलं चालत न्हाई.

त्यानंतर एक टँकर परत आला न्हाई. दोन उन्हाळे गेले. त्या पत्र्याखाली उन्हाळा कसा काढला ते माझं मला म्हाईत. तीनदा तात्यांना म्हणलं, मला खुर्चीवर घ्या, कागदावर हुद्दा द्या. तिन्ही वेळा एकच, "जरा दम धर." दम धरून धरून मला दम लागायला लागला. सकाळी उठू वाटंना. भाकरी थापताना हात थांबायचा. आजारी नव्हते मी. कटाळले व्हते.

कटाळलेली मी एकटी न्हाई. डेअरीत माणसं टिकंनात. दोघं सोडून गेले, तिसरा फोन उचलंना. तवा कुणीतरी तात्यांना सांगितलं, कामगारांचा उत्साह वाढवायचे सर असतात, त्यांना बोलवा. म्हणून तो मंडप अन् ते पेढे.

पेढ्याचा खेळ झाल्यावर सत्कार झाला. वर्षाचा उत्कृष्ट कर्मचारी. भाच्याचं नाव पुकारलं. शाल, नारळ, फेटा. सर माईकवर म्हणले, "या तरुणाच्या पारखी नजरेमुळं एकही टँकर परत आला नाही! जोरदार टाळ्या!"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. त्याला तरी लाज वाटली.

अन् मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. कुणी जबरदस्ती केली न्हाई. पेढ्याचा कागद काखेत दाबून मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना माझे तळहात लाल झालेले बघितले अन् मला माझीच लई शिसारी आली. कागदावर पेढा दिला तिची न्हाई, टाळ्या वाजवल्या तिची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याआड गेले. पहिला नमुना आत आला. मी वाटी समोर ठिवली अन् चमचा खाली ठिवला.

बाहेर भाचा थांबला. खाकरला. मग पत्र्याला तोंड लावून म्हणला, "काकू, वाजवा की."

"सत्कार तुझा झालाय. तूच सांग."

रांग वाढली. ऊन चढायला लागलं. दूध काय कुणासाठी थांबत न्हाई. शेतकरी ओरडायला लागले, "काय बे, झोपला का?" तात्या मागच्या दारानं आत आले. आवाज दाबून म्हणले, "काय पाहिजे तुला?"

"बाहेरची खुर्ची. अन् पावतीवर तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव."

"येड लागलं का तुला?"

मी म्हणलं, "काल तर आपण कुटुंब झालतो."

तात्यांना खरंच नवल वाटलं. शिकल्यासवरल्या माणसानं खुळ्यासारखं बोलल्यावर बघावं तसं बघितलं त्यांनी माझ्याकडं. म्हणले, "अगं, तो कार्यक्रम व्हता. हे काम हाय."

एवढं खरं त्यांनी आजवर मला कवाच सांगितलं नव्हतं.

मी उठले. त्यांच्या बाजूनं निघून म्होरच्या दारानं बाहेर आले. भाचा आपसूक उभा राहिला. मी खुर्चीवर बसले. रांगेतल्यांना म्हणलं, "दोन वर्षं तुमचं दूध मीच बघती. आत बसून बघत व्हते, आता इथं बसून बघीन."

पहिल्यानं कॅन उचलला अन् गाडीला अडकवून निघून गेला. दुसराही गेला. तिसरा एक म्हातारा व्हता. तो उन्हाकडं बघत व्हता, कॅनकडं बघत व्हता. त्यानं झाकण उघडलं. त्याला माझी दया आली असं न्हाई. त्याचं दूध फाटलं असतं.

त्या दिवशी मी बारा जणांचं दूध बघितलं अन् दोघांचं परत केलं. तोंडानं, समद्यांसमोर. "ह्ये चालणार न्हाई, पावडर हाय." त्यातला एक पाटलाचा.

संध्याकाळी तात्यांचा निरोप आला. उद्यापासून येऊ नको.

नवरा म्हणला, आता परत कोयता. म्हणलं, कोयत्याला मी भीत न्हाई. पण आधी उद्या जाणार. परवा बी जाणार. सकाळी सहाला त्याच खुर्चीवर बसणार. येऊ नको म्हणणं सोपं हाय, निरोप कुणाच्या बी हाती धाडता येतो. मला उठवायचं आसंल, तर तात्यांनी स्वतः यावं अन् दंडाला धरून उठवावं. त्यांना मला हात लावावा लागंल.