प्रेक्षक सज्जातलं ‘होय’

विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात मी माझ्या थोरल्या नणंदेला, शालूताईंना, घेऊन बसले होते. त्यांचा सुनील समुद्रावर पहारा देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा दलात आहे. त्या दलाला पाठिंबा द्यावा आणि जुन्या गस्ती बोटी बदलण्यासाठी केंद्राने पुरेसा निधी द्यावा, असा ठराव त्या दुपारी सभागृहापुढे होता.

भाषणं लांबली. शालूताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे.” खालून एकच गजर उठला, आणि माझ्या शेजारून, जरासा उशिरा, एक बारीक आवाज आला, “होय.”

सुरक्षारक्षक लगबगीने आला. “मावशी, इथून बोलायचं नसतं.”

“चुकलं हो. माझा मुलगा असतो त्या बोटींवर.”

तो जरा खाली वाकला. मग हळूच म्हणाला, “बसा निवांत. ठराव मंजूर झालाय.”

देश, सुरक्षा, निधी हे शब्द मी नेहमी किती दुरून ऐकत आले! पण समुद्रावर वारा सुटला की ज्या घरात आईचा घास अडतो, त्या घरात हे शब्द रोजचेच असतात.

बाहेर येताच ताईंनी सुनीलला फोन लावला. “अरे, सगळे तुमच्या बाजूने बोलले!”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं?” ताई मोकळं हसल्या. “मी होते ना तिथे!”